अमेरिकेतील रेसिडेन्सी : प्राध्यापकांकडे शिफारसपत्र कसे मागावे?

झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरला भारतात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असेल, तर त्यासाठी एकाही प्राध्यापकाच्या पत्राची गरज पडत नाही. ‘नीट-पीजी’ परीक्षेतील गुण, गुणवत्ता यादीतील क्रमांक आणि त्यानंतरचे समुपदेशन यांवर त्याची जागा ठरते. याच डॉक्टरने अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करीत घेतले जाणारे पदव्युत्तर प्रशिक्षण, घ्यावयाचे ठरविले, की चित्र पालटते. तेथे परीक्षेचे गुण हा अर्जाचा केवळ एक भाग असतो. ज्या वरिष्ठ डॉक्टरांनी अर्जदाराला रुग्णांमध्ये काम करताना पाहिले आहे, त्यांची तीन-चार पत्रे असल्यावाचून बहुतेक ठिकाणी अर्ज पूर्ण मानला जात नाही.

१९६८ मध्ये स्थापन झालेले झाशीचे हे महाविद्यालय बुंदेलखंडातील रुग्णसेवेचा मोठा आधार आहे. मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे. नेवाळकरांच्या काळापासून तेथे वसलेल्या मराठी घराण्यांचाही या शहराशी जुना संबंध आहे. मात्र शिफारसपत्राचा प्रश्न एकट्या झाशीचा नाही. नागपूर, मिरज, सोलापूर किंवा गोवा येथील महाविद्यालयांतून शिकून अमेरिकेची वाट धरणाऱ्या डॉक्टरांनाही तो तितकाच सतावतो. परीक्षांची तयारी करण्यास दोन-तीन वर्षे देणारे विद्यार्थी पत्रांचा विचार अखेरच्या महिन्यात करतात, आणि मग घाईने मिळविलेले एक कोरडे पत्र त्यांच्या संपूर्ण अर्जाचा प्रभाव कमी करते. त्यामुळे या पत्राचे स्वरूप काय, ते कसे पोहोचते आणि ते मागावे कसे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दोन देश, दोन पद्धती

भारतातील पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांची आजची पद्धत एका अर्थाने शिफारशीविरुद्धच्या लढ्यातून घडली आहे. जागा थोड्या आणि इच्छुक अनेक असल्यावर निवड करणाऱ्याच्या मर्जीला वाव राहू नये, हा तिच्यामागील हेतू. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात दिलेल्या निकालानंतर अखिल भारतीय पातळीवरील खुल्या जागांची कल्पना रुजली. पुढे वेगवेगळ्या राज्यांच्या आणि संस्थांच्या परीक्षांची जागा बहुतांशी ‘नीट-पीजी’ने घेतली. ‘एम्स’, चंडीगडची ‘पीजीआयएमईआर’ आणि पुदुच्चेरीची ‘जिपमर’ यांसारख्या संस्थांसाठी ‘आयएनआय-सीईटी’ ही वेगळी परीक्षा आहे. दोन्हीकडे प्राध्यापकाच्या मताला निवडीत स्थान नाही. विद्यार्थी कोणाचा कोण, हे यंत्राला ठाऊक नसते आणि तेच या पद्धतीचे बळ मानले जाते.

अमेरिकेतील विचार निराळा आहे. तेथे निवड झालेला डॉक्टर १ जुलैच्या सुमारास थेट वॉर्डात रुजू होतो आणि पहिल्या रात्रपाळीपासून रुग्णांची जबाबदारी त्याच्यावर येते. तो परीक्षेत किती हुशार आहे, याबरोबरच तो पहाटे तीन वाजता कसा वागतो, परिचारिकांशी कसा बोलतो, स्वतःला न समजलेली गोष्ट वरिष्ठांना वेळेवर सांगतो की नाही, हे त्या रुग्णालयाला जाणून घ्यावयाचे असते. ही माहिती कोणत्याही उत्तरपत्रिकेत सापडत नाही. ती त्याच्याबरोबर काम केलेल्या माणसाकडेच असते.

या निवडीचा अखेरचा टप्पा ‘मॅच’ म्हणून ओळखला जातो. अर्जदार आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची आणि रुग्णालये आपल्या पसंतीच्या अर्जदारांची क्रमवार यादी देतात आणि संगणक त्यांची सांगड घालतो. १९५२ पासून ही व्यवस्था सुरू आहे. तिचा निकाल मार्च महिन्यातील तिसऱ्या शुक्रवारी जाहीर होतो. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांतील अखेरच्या वर्षाच्या एम.डी. विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्के जणांना जागा मिळाली. परदेशात शिकलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक नसलेल्या अर्जदारांत हे प्रमाण ५८.५ टक्के होते. झाशीहून अर्ज करणारा डॉक्टर या दुसऱ्या गटात मोडतो.

गेल्या काही वर्षांत पत्रांचे महत्त्व वाढण्यास आणखी दोन कारणे घडली. ‘यूएसएमएलई’ परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकाल जानेवारी २०२२ पासून गुणांऐवजी केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा दिला जातो. रुग्णाशी प्रत्यक्ष संवाद साधण्याचे कौशल्य तपासणारी परीक्षा कोविडच्या साथीत २०२० मध्ये थांबविण्यात आली आणि २०२१ मध्ये ती कायमची बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले. अर्जदारांमध्ये फरक करण्याची दोन साधने अशा रीतीने कमी झाल्यावर उरलेल्या साधनांकडे निवड समित्यांचे लक्ष अधिक जाणे स्वाभाविक आहे.

पत्र कसे पोहोचते?

बहुतेक विषयांचे अर्ज ‘इरास’ या संगणकीय प्रणालीतून केले जातात. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रासारख्या विषयाने २०२४ पासून वेगळी प्रणाली स्वीकारली आहे. त्यामुळे आपल्या विषयाची प्रणाली कोणती, हे अर्जदाराने प्रथम पाहून घ्यावे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना त्याखेरीज फिलाडेल्फिया येथील ‘ईसीएफएमजी’ या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते.

एके काळी प्राध्यापकांची सही असलेला कागद पाकिटात घालून टपालाने फिलाडेल्फियाला पाठविला जात असे. आता तसे नाही. अर्जदार ‘इरास’मध्ये पत्र लिहिणाऱ्याचे नाव, पद आणि ई-मेलचा पत्ता नोंदवितो. त्यावर प्रणाली त्या पत्रापुरता एक विनंती-अर्ज आणि त्यावर एक क्रमांक तयार करते. हा विनंती-अर्ज प्राध्यापकांकडे जातो आणि ते स्वतः, किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, आपले पत्र थेट संकेतस्थळावर चढवितात. अर्जदाराला पत्र स्वतः चढविता येत नाही. ते पोहोचले की नाही, एवढेच त्याला दिसते. पत्रे कितीही मागविता येतात, पण एका रुग्णालयाच्या एका अभ्यासक्रमाला जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. कोणते पत्र कोठे जोडावयाचे, ही निवड अर्जदाराची असते.

विनंती-अर्ज तयार करताना आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि अनेक भारतीय विद्यार्थी तेथे अडखळतात. शैक्षणिक नोंदींविषयीच्या अमेरिकेतील १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्याविषयीच्या नोंदी पाहण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार या पत्रापुरता आपण सोडून देत आहात काय, असे तेथे विचारलेले असते. अधिकार सोडला, तर पत्र गोपनीय राहते. गोपनीय पत्रात लिहिणारा मोकळेपणाने लिहितो, असा वाचणाऱ्यांचा समज असल्यामुळे अशा पत्राला अधिक वजन मिळते. म्हणूनच बहुसंख्य अर्जदार हा अधिकार सोडतात.

या पत्रांबरोबर दोन वेगळ्या कागदांची गल्लत करू नये. महाविद्यालयाच्या वतीने विद्यार्थ्याच्या संपूर्ण अभ्यासकाळाचा आढावा देणारे पत्र, ज्याला पूर्वी ‘डीन्स लेटर’ म्हणत, ते निराळे. तसेच ‘जे-१’ व्हिसासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाकडून घ्यावे लागणारे पत्र हेही निराळे. ही दोन्ही कार्यालयीन कागदपत्रे होत. शिफारसपत्र मात्र एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीविषयी स्वतःच्या नावावर दिलेले मत असते.

‘शिफारस’ या शब्दाची अडचण

मराठीत ‘शिफारस’ हा शब्द वशिल्याच्या फार जवळ जाऊन बसला आहे. कोणाची तरी चिठ्ठी नेली की काम होते, हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. चिठ्ठीचा जोर तिच्यातील मजकुरात नसून तिच्याखालच्या सहीत असतो, हीही आपली समजूत त्यातूनच आली. त्यामुळे शिफारसपत्र हवे असे म्हणताच विद्यार्थी विभागप्रमुखांचे दालन गाठतो. सर्वांत मोठे पद, सर्वांत मोठी सही, म्हणजे सर्वांत चांगले पत्र, असे त्याला वाटते.

अमेरिकेतील निवड समितीला झाशीच्या विभागप्रमुखांचे नाव ठाऊक असण्याचा संभव कमी. सहीचा दबदबा तेथे पोहोचत नाही. पोहोचतो तो मजकूर. लिहिणाऱ्याने अर्जदाराला किती काळ, कोणत्या कामात आणि किती जवळून पाहिले, हे त्यातून कळते. या अर्थाने हे पत्र चिठ्ठीपेक्षा साक्षीला अधिक जवळचे आहे, आणि ज्याने प्रसंग पाहिलेला नाही, तो साक्ष देऊ शकत नाही.

मराठी स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासातही या दोन प्रकारांचा फरक दिसून येतो. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत शिकता यावे, म्हणून त्यांचे पती गोपाळराव यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यास पत्र लिहिले. मदत मिळण्याऐवजी त्यांना धर्मांतराचा सल्ला मिळाला. आनंदीबाईंची योग्यता हा त्या उत्तराचा विषयच नव्हता. वाइल्डर यांनी छापलेला तो पत्रव्यवहार न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंशी स्वतः पत्रव्यवहार सुरू केला आणि त्या ओळखीच्या बळावर त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. आज झाशीच्या डॉक्टरची कागदपत्रे ज्या शहरातील संस्था तपासते, तेच हे शहर. रखमाबाईंच्या बाबतीत मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांनी पुढाकार घेतला. त्या रखमाबाईंना जाणत होत्या. त्यांच्या पाठबळावर रखमाबाई लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. दोन्ही उदाहरणांत उपयोगी पडले ते प्रत्यक्ष परिचयातून आलेले पाठबळ.

कोणाकडे मागावे?

यावरून पहिला नियम निघतो. ज्यांनी आपले काम पाहिले आहे, त्यांच्याकडेच पत्र मागावे. रोज सकाळच्या राउंडला बरोबर असलेले, केस पेपरवरील आपल्या नोंदी तपासणारे आणि रात्री फोनवर आपला अहवाल ऐकणारे सहायक किंवा सहयोगी प्राध्यापक अनेकदा विभागप्रमुखांपेक्षा चांगले साक्षीदार ठरतात. काही अभ्यासक्रम विभागप्रमुखांचे पत्र आवर्जून मागतात. तेथे ते द्यावेच लागते. अशा वेळी ज्या युनिटमध्ये आपण काम केले, त्या युनिटच्या शिक्षकांनी आपल्याविषयीची निरीक्षणे विभागप्रमुखांना कळवावीत, अशी विनंती करता येते.

दुसरा नियम विषयाचा. ज्या विषयात रेसिडेन्सी हवी, त्या विषयातील किमान दोन पत्रे असावीत. मेडिसिनसाठी अर्ज करणाऱ्याने शल्यचिकित्सेची तीन पत्रे जोडली, तर वाचणाऱ्याला स्वाभाविकच शंका येते. पत्रे शक्यतो अलीकडची असावीत. पाच वर्षांपूर्वीचे कौतुक आजच्या कामाविषयी फारसे काही सांगत नाही.

तिसरा प्रश्न अमेरिकी डॉक्टरांच्या पत्रांचा. तेथील रुग्णालयात काही आठवडे काम केल्याचा किंवा काम जवळून पाहिल्याचा अनुभव आणि त्यावर आधारलेले पत्र यांना बरीच किंमत दिली जाते, कारण तेथील डॉक्टर तेथील अपेक्षांच्या मापाने मत देतो. रुग्णांवर प्रत्यक्ष काम करण्याची संधी बहुधा विद्यार्थिदशेतच मिळते. पदवी हाती आल्यावर अनेक ठिकाणी केवळ निरीक्षक म्हणून उभे राहता येते. यासाठी लागणारा प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च सर्वांना झेपणारा नाही. काही मध्यस्थ अनुभव आणि पत्र यांचे ‘पॅकेज’ विकतात. त्यातून मिळणारी साचेबंद पत्रे निवड समितीच्या नजरेस सहज येतात. चार आठवडे पाहिलेल्या परक्या डॉक्टरचे पत्र आणि वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये पाहिलेल्या झाशीच्या शिक्षकाचे पत्र यांचे काम वेगळे आहे. पहिले जुळवून घेण्याची क्षमता सांगते, दुसरे टिकून राहण्याची. दोन्ही असतील तर उत्तम. पहिले मिळणे शक्य नसेल, तर दुसरे अधिक काळजीपूर्वक मिळवावे.

केव्हा आणि कसे मागावे?

‘इरास’चा हंगाम साधारणपणे जूनमध्ये सुरू होतो. अर्ज सप्टेंबरच्या प्रारंभी दाखल करता येतात आणि त्या महिन्याच्या अखेरीस ते रुग्णालयांना पाहावयास मिळतात. मुलाखती प्रामुख्याने ऑक्टोबर ते जानेवारी या काळात होतात. पत्र उशिरा पोहोचले तरी जोडता येते, पण पहिल्या छाननीच्या वेळी अर्ज अपुरा दिसला, तर मुलाखतीची संधी हुकण्याची शक्यता असते. त्यामुळे प्राध्यापकांना किमान सहा ते आठ आठवड्यांचा अवधी मिळेल, अशा बेताने विनंती करावी.

खरे तर तयारी त्याहून कितीतरी आधी सुरू व्हावयास हवी. एखाद्या विभागातील काम संपते, तेव्हा शिक्षकांच्या मनात विद्यार्थी ताजा असतो. सरकारी महाविद्यालयांत बदल्या होतात, शिक्षक निवृत्त होतात आणि दर वर्षी इंटर्नची नवी तुकडी येते. दोन वर्षांनी परत गेल्यावर चेहरा ओळखीचा वाटतो, पण काम आठवत नाही. म्हणून विभाग सोडतानाच आपला मनोदय सांगून ठेवावा आणि पुढे पत्र द्याल का, असे विचारून ठेवावे. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या सहीसह कामाची नोंदवही ठेवावी लागते. ही नोंदवही केवळ परीक्षेपुरती भरून फेकून न देता जपून ठेवली, तर शिक्षकांच्या स्मृतीला तिचा मोठा आधार होतो.

विनंती शक्यतो प्रत्यक्ष भेटून करावी. ओपीडीच्या गर्दीत किंवा राउंड चालू असताना हा विषय काढू नये. भेटीची वेळ आधी मागून घ्यावी. सर किंवा मॅडम नाही म्हणणार नाहीत, अशा रीतीने प्रश्न विचारण्याचा मोह आवरावा. ‘सर, मला पत्र द्या’ या विनंतीला आपल्याकडे कोणी सहसा नकार देत नाही. परंतु होकार आणि चांगले पत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यापेक्षा असे विचारावे : ‘सर, माझे काम आपण पाहिले आहे. त्याविषयी सविस्तर आणि अनुकूल लिहिता येईल, असे आपल्याला वाटते का? वेळ नसेल किंवा माझी पुरेशी ओळख नाही असे वाटत असेल, तर मी दुसऱ्या शिक्षकांना विचारेन.’ या प्रश्नाने शिक्षकांना सन्मानाने बाजूला होण्याची वाट मिळते आणि विद्यार्थी एका निर्जीव पत्रापासून वाचतो.

होकार मिळाल्यावर शिक्षकांचे काम सोपे करणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे. एका फाइलमध्ये पुढील गोष्टी द्याव्यात : आपला परिचय, कोणत्या तारखांना कोणत्या युनिटमध्ये काम केले याची नोंद, गुणपत्रिका, अर्जाचा विषय आणि तो निवडण्याचे कारण, शिक्षकांच्या देखरेखीखाली हाताळलेल्या चार-पाच प्रसंगांची आठवण, आणि अखेरची तारीख ठळकपणे लिहिलेला विनंती-अर्ज. अमेरिकी पत्राची पद्धत ज्यांना परिचित नाही, त्यांच्यासाठी पत्रात साधारण काय अपेक्षित असते, याचा एक पानाचा गोषवारा द्यावयास हरकत नाही. ज्येष्ठ प्राध्यापकांना संकेतस्थळावर पत्र चढविण्याची पद्धत नवीन असू शकते. तेव्हा पायऱ्या लिहून द्याव्यात, मात्र त्यांचा पासवर्ड मागून त्यांच्या नावाने आपण पत्र चढवू नये.

मुदतीच्या तीन आठवडे आधी एकदा आणि एक आठवडा आधी पुन्हा एकदा नम्रपणे आठवण करणे गैर नाही. पत्र पोहोचल्यावर आभार मानावेत आणि मार्चमध्ये निकाल काय लागला, तेही कळवावे. जागा मिळाली नाही तरी कळवावे. पुढील वर्षी पुन्हा त्याच दाराशी जावे लागण्याची शक्यता असते.

पत्रात काय असावे?

आपल्याकडील चारित्र्याच्या दाखल्याची भाषा सर्वांना पाठ असते. विद्यार्थी मेहनती, आज्ञाधारक, मनमिळाऊ आहे आणि आम्ही त्याच्या उज्ज्वल भवितव्याची इच्छा करतो. हे वाक्य कोणत्याही विद्यार्थ्याला लागू पडते, म्हणून ते कोणाविषयीच काही सांगत नाही. ‘आज्ञाधारक’ हा शब्द आपल्याकडे गुण समजला जातो. पण स्वतःहून निर्णय घेणारा आणि शंका आल्यास वरिष्ठांनाही विचारणारा डॉक्टर ज्यांना हवा आहे, त्यांना या शब्दातून उलटाच अर्थ लागण्याचा संभव असतो.

आता एक कल्पित नमुना पाहू. मे महिन्यात झाशीचा पारा चढलेला असताना रात्रपाळीला उष्माघाताचा रुग्ण येतो. इंटर्न डॉक्टर तो ओळखते, वरिष्ठांची वाट न पाहता शरीर थंड करण्याचे उपाय सुरू करविते, त्याच वेळी वरिष्ठांना बोलावते आणि घाबरलेल्या नातलगांना त्यांच्या बुंदेली बोलीत परिस्थिती समजावून सांगते. दुसऱ्या दिवशीच्या राउंडला आपल्या नोंदीतील एक चूक ती आपण होऊन दाखविते. हा प्रसंग पत्रात चार ओळींत आला, तर ज्ञान, तत्परता, संवाद आणि प्रामाणिकपणा या चारही गुणांविषयी विशेषणे लावण्याची गरज उरत नाही. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील मात्र पत्रात कधीही येऊ नये.

चांगल्या पत्रात सामान्यतः चार गोष्टी असतात. लिहिणारा अर्जदाराला कधीपासून आणि कोणत्या नात्याने ओळखतो. त्याने स्वतः काय पाहिले. आजवर शिकविलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत अर्जदार कोठे बसतो. आणि या डॉक्टरला आपण आपल्या विभागात घेतले असते का. एक ते दीड पान पुरेसे होते. ते महाविद्यालयाच्या अधिकृत कागदावर, तारीख आणि सहीसह असावे. आपत्कालीन वैद्यकासारख्या काही विषयांत मोकळ्या पत्राऐवजी ठराविक प्रश्नांचा नमुना भरून देण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून रुजली आहे. अशा विषयात अर्ज करणाऱ्याने तो नमुना आधीच पाहून घ्यावा.

लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या शब्दांकडे लक्ष देण्याचीही गरज आहे. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या संशोधिकांनी अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकपदांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड होती आणि शंका निर्माण करणारी वाक्ये त्यांत अधिक होती. आपल्याकडे विद्यार्थिनीचे वर्णन ‘शांत, सुस्वभावी मुलगी’ असे सहज केले जाते. हेतू चांगला असला, तरी तिने वॉर्डात केलेले काम त्यामागे झाकले जाते.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

भारतीय विद्यार्थ्यांपुढील सर्वांत अवघड प्रसंग हाच. शिक्षकांना वेळ नसतो, इंग्रजीत दीड पान लिहिण्याचा कंटाळा असतो किंवा विद्यार्थ्यावर विश्वास असतो. ते मोकळ्या मनाने म्हणतात, तूच लिहून आण. विद्यार्थी इंटरनेटवरील एखादा नमुना घेतो, त्यात आपले नाव घालतो आणि तीन प्राध्यापकांच्या सह्यांची तीन पत्रे एकाच शैलीत तयार होतात. शेकडो अर्ज वाचणाऱ्याला हे ओळखण्यास वेळ लागत नाही.

यातील विसंगती केवळ शैलीची नाही. पत्र पाहण्याचा अधिकार आपण सोडला आहे, असे अर्जदाराने लिहून दिलेले असते. ज्याने पत्र स्वतः लिहिले, त्याने ते पाहिलेले नाही, असे कसे म्हणता येईल? खोट्या किंवा फेरफार केलेल्या कागदपत्रांची ‘ईसीएफएमजी’ चौकशी करते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्याची नोंद डॉक्टरच्या दप्तरी राहते. पुढे परवाना देणाऱ्या संस्थांनाही ती दिसू शकते. एका पत्रासाठी एवढी जोखीम पत्करणे शहाणपणाचे नाही.

तथापि शिक्षकांच्या तोंडावर ‘हे गैर आहे’ असे म्हणणे विद्यार्थ्याला शक्य नसते. त्याच शिक्षकांच्या सहीवर त्याची इंटर्नशिप पूर्ण व्हावयाची असते. यातून एक मधला मार्ग काढता येतो. तयार पत्राऐवजी मुद्द्यांचा कागद न्यावा. तारखा, प्रसंग, आकडे आणि आपण काय केले, एवढेच त्यात असावे. एकही विशेषण नसावे. ‘सर, आठवणीसाठी मुद्दे आणले आहेत. पत्र गोपनीय असल्यामुळे मला ते पाहता येणार नाही. आपल्या सोयीने सांगून टंकलिखित करून घेतले तरी चालेल,’ असे सांगावे. मुद्दे समोर असले, की वीस मिनिटांत पत्र होते. तरीही शिक्षक तयार झाले नाहीत, तर ते पत्र आपल्याला हवे आहे काय, याचा विचार करावा. सहायक प्राध्यापकांनी स्वतः लिहिलेले एक पानाचे पत्र अशा वेळी अधिक मोलाचे असते.

नकार आणि ‘बघू’

आपल्याकडे स्पष्ट नकार क्वचितच मिळतो. ‘बघू’, ‘पुढच्या आठवड्यात ये’, ‘आधी परीक्षा तर होऊ दे’ अशी उत्तरे मिळतात. दोन-तीन वेळा असे झाले, तर तो नकार समजावा, मनात कडवटपणा न ठेवता दुसऱ्या शिक्षकांकडे जावे आणि मुदत हातची जाऊ देऊ नये. चारऐवजी तीनच पत्रे जमली आणि तेवढी त्या अभ्यासक्रमाला पुरेशी असतील, तर केवळ संख्या भरण्यासाठी चौथे कोमट पत्र जोडू नये.

शिक्षकांच्या बाजूनेही हा प्रश्न पाहावयास हवा. एकेका युनिटमधून वर्षभरात अनेक इंटर्न जातात. सर्वांना सारखेच उत्तम म्हणणारे शिक्षक लोकप्रिय होतात, पण त्यांच्या पत्रांची किंमत हळूहळू शून्यावर येते. एखाद्या रुग्णालयाने झाशीच्या एका डॉक्टरला पत्रावर विश्वास ठेवून घेतले आणि ते वर्णन खरे निघाले, तर पुढील वर्षी त्याच महाविद्यालयातून येणारा अर्ज अधिक आदराने वाचला जाण्याची शक्यता असते. वर्णन खोटे निघाले, तर त्याचा भुर्दंड ज्यांचा काही दोष नाही अशा पुढच्या तुकडीला बसतो. ज्या शिक्षकांना एखाद्या विद्यार्थ्याविषयी चांगले लिहिता येत नाही, त्यांनी तसे एकांतात आणि वेळेवर सांगणे ही त्याला केलेली मदतच होय.

परीक्षेच्या गुणांवर सारे ठरणाऱ्या पद्धतीतून आलेल्या विद्यार्थ्याला वॉर्डातील रोजचे काम निवडीशी संबंधित आहे, असे वाटत नाही. इंटर्नशिपचे वर्ष अनेक जण पुस्तकात डोके घालून, हजेरीपुरते वॉर्डात जाऊन काढतात. ‘नीट-पीजी’च्या हिशेबाने ते चुकीचेही ठरत नाही. अमेरिकेत अर्ज करणाऱ्याचे मात्र येथेच नुकसान होते. पत्र सप्टेंबरमध्ये संकेतस्थळावर चढते. त्यातील मजकूर त्याआधी वर्षभर वॉर्डात, ओपीडीत आणि रात्रपाळीत तयार होत असतो. ज्या दिवशी विद्यार्थी मन लावून केस पेपर लिहितो आणि शिक्षक तो वाचून मान डोलावतात, त्या दिवशी पत्राची पहिली ओळ लिहिली जाते. पुढे विनंती करावयाची राहते ती एवढीच, की सर, जे आपण पाहिले, तेवढे लिहा.